टिकटिक थांबली की

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

माझा ड्वेन कसा गेला ते फोनवर सांगता आलं नाही. कुरणाचं कुंपण सरकवायला त्याने तारेतली वीज बंद केली. तारेतल्या विजेची टिकटिक थांबली की नवं गवत मिळतं, हे घोड्यांना पाठ आहे. पाचही घोडे एकमेकांना चावत, लाथा झाडत त्याच्या अंगावरून धावले. मी पोचले तेव्हा ते चरत होते, डचेस घोडीच्या टापांना रक्त होतं.

शेजारचा ऑर्विल घोड्यांना मारायला बंदूक घेऊन आला. मी अडवलं.

"मग उद्या कुंपण कोण सरकवणार?" त्याने विचारलं.

"मी."

"म्हणजे तुझाही मुडदा मीच उचलायचा!"

आता कुंपण सरकवताना मी वीज बंदच करत नाही. झटके बसतात, पण टिकटिक थांबत नाही, आणि घोडे जागचे हलत नाहीत. काळजी करू नकोस.

तुझीच,
लोरेटा