कोपऱ्याचा उतार

आबा, आज एका कारखानदाराशी माझी हुज्जत झाली आणि घरी आल्यावर तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता मी मोठी आहे. औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस आहे. पेंड, कोंडा साठवायचे लोखंडी हॉपर मी कागदावर आखते. उलटे टांगलेले पिरॅमिडच ते. तुम्ही ज्यात उतरायचात, तसलेच.

बजाजनगरच्या खोलीतली ती दुपार. शाळेसाठी मी पुठ्ठ्याचा पिरॅमिड करतेय, आई भाकरी थापतेय. तुम्ही पहिल्या पाळीवरून येता, पिरॅमिडचं टोक कापता, उलटा धरता आणि त्यात परातीतलं पीठ ओतता. मधलं पीठ भसकन खाली जातं, चारी कोपऱ्यांत मात्र चिकटून राहतं.

“बघ, आमच्याकडं बी असंच व्हतंय. कोपरं धरून बसतंय.”

“मग?”

“मग काय, आत उतरायचं अन् सळईनं ढोसायचं.”

“पोरीला असलं काही सांगू नका,” आई म्हणाली. तुम्ही नुसतं हसलात.

त्याच वर्षी तुम्ही आत असताना कुणीतरी खालचं झाकण उघडलं. पायाखालचा कोंडा सरकला. वरच्या माणसाला तुमचा हात दिसला, मग तोही दिसेना. पत्रा कापेपर्यंत सगळं संपलं होतं. आईला कारखान्यातल्या लोकांनी सांगितलं, पाय घसरला. तिनं जन्मभर तेच धरून ठेवलं.

पुढं कॉलेजात सरांनी फळ्यावर पिरॅमिड काढला. टोकापासून तळाच्या कोपऱ्यापर्यंतची कड बाजूच्या मधल्या रेषेपेक्षा लांब असते, उंची मात्र तेवढीच. म्हणून दोन बाजू जिथं मिळतात, तिथं उतार कमी भरतो. पोरं उतरवून घेत होती. मी उठून व्हरांड्यात जाऊन बसले. तुमचा पाय घसरला नव्हता, आबा. कोंडा कोपऱ्यात अडकला नसता, तर तुम्हाला उतरावंच लागलं नसतं.

आज तो कारखानदार आपला नकाशा माझ्यापुढं पसरून म्हणाला, “साठ अंशाचा उतार ठेवलाय की, मॅडम. अजून खडा केला तर उंची वाढंल, शेडचं छप्पर वर घ्यावं लागंल.”

“साठ बाजूचा आहे. कोपऱ्यात एक्कावन्नसुद्धा भरत नाही. माल अडकणार.”

“अडकू द्या. सळई घेऊन माणूस असतोच की.”

मी नकाशाची घडी करून त्याच्या हातात परत दिली. तो जिना उतरला. खाली त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळानं तोच परत वर आला आणि दारातूनच म्हणाला, “छप्पर किती वर घ्यावं लागंल?”

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. नवा हॉपर पहिल्यांदा चालवतात तेव्हा मी स्वतः जाते. सगळ्यांना खाली उतरवते. झाकण उघडायच्या आधी पत्र्याला तोंड लावून उभी राहते. लोकांना वाटतं, मॅडम जोड तपासतायत. मी हळूच म्हणते, “आबा, वर या.” मग तुम्हाला चढायला वेळ लागेल, म्हणून थोडी थांबते.