हाकेला धावून येणारी

११ एप्रिल, रविवार, पहाटे ५
तिसरं कोकरू गेलं. कायोटीचंच काम. लांडग्याची ही फुकटी भावकी आमच्यावर पोसली जातेय. शनिवारपर्यंत एकीला तरी आडवी करणार, नाहीतर नाव आर्विड नाही. लॉर्नाने बजावलंय : शनिवारनंतर शेजारच्या हाउगनची गाढवीण कळपात राखणीला आणीन, ती कायोटी दिसली की लाथा घालते. बायकोचा गाढवावर विश्वास आहे. नवऱ्यावर नाही.

१२ एप्रिल
बंदूक घेऊन टेकडीवर लपलो आणि कायोटीला भुलवून बोलावायची शिट्टी फुंकली. मरणाऱ्या सशाचं किंचाळणं, हुबेहूब. वीस मिनिटांत कुणी फिरकलं नाही. वारा पाठीमागून होता. हाउगन म्हणतो, वारा तोंडावर घे, नाहीतर कायोटीला तुझा वास आधी पोचतो. मूर्ख आहे. मी आंघोळ करतो.

१३ एप्रिल
एक आली. साठ पावलांवर. मी थर्मास उघडत होतो. कॉफी टाकून बार काढला. आमच्याच पिकअपचा आरसा गेला. तसाही सैल होता. लॉर्नाला सांगितलं, गारा पडल्या. आभाळ निरभ्र होतं, हे तिने बोलून दाखवायची गरज नव्हती.

१४ एप्रिल
पेंडीच्या दुकानात हाउगन. चारचौघांत म्हणाला, अरे आर्विड, तुझ्या शिट्टीने काल आमची मांजर पळत आली, परत पाठवू का? सगळे हसले. मनात चार शिव्या घातल्या. घरी आल्यावर आणखी दोन सुचल्या.
शिट्टी बाद. आता स्वतःच्या गळ्याने कोल्हेकुई. परकी कायोटी हद्दीत शिरली असं वाटलं की इथली भांडायला धावून येते.

१५ एप्रिल
गोठ्यात सराव. कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला. लॉर्नाने विचारलं, पोटात दुखतंय का? तिला कलेतलं काही कळत नाही.

१६ एप्रिल
चौथं कोकरू. मी टेकडीवर ओरडत होतो तेव्हाच, खाली. म्हणजे माझ्या हाकेने कायोटी येऊ लागल्यात. पद्धत बरोबर आहे.
लॉर्ना रडली. हे कोकरू तिने बाटलीने पाजलं होतं. मला वाईट वाटलं, पण शनिवार उद्या आहे एवढंच म्हणालो. ती तडक हाउगनकडे गेली आणि गाढवीण घेऊन आली. नाव बर्निस. माझ्याकडे बघते ते मला आवडत नाही.

१७ एप्रिल, शनिवार, सकाळी ६
शेवटची संधी. करडा कोट घालून कुंपणाच्या आत, झुडपात. वारासुद्धा तोंडावर घेतलाय. आयुष्यातली सर्वोत्तम कोल्हेकुई देणार.

दुपारी
पालथा पडून लिहितोय. हाकेला आली. पहिल्यांदाच कुणीतरी धावत आलं. बर्निस. दोन लाथा, एक चावा. हाउगन कुंपणावर रेलून बघत होता. लॉर्नाने बर्फ लावला आणि म्हणाली, गाढवीण कामाची आहे, ठेवून घेऊ.

२४ एप्रिल
आठवड्यात एकही कोकरू गेलं नाही. लॉर्ना पुन्हा हसते.
हाउगनचा फोन. त्याच्या दुसऱ्या गाढवाला सराव हवाय. अख्ख्या मोंटानात तुझ्याइतकी खरी कायोटी नाही रे, म्हणाला. बुधवारी सहाला बोलावलंय. येतो म्हटलं.