विमान बंद झालं तो दिवस

अण्णा, तुमच्या नातीला नांदेडच्या विमानतळावर नोकरी लागली. कंपनी नवी आहे, जागा तीच. काल ती गणवेश घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही पण होता ना तिथं? मला काही सांगा की." मी तिला बॅगेला पट्टी कशी अडकवायची तेवढं सांगितलं आणि अंगणात जाऊन बसलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या नोकरीविषयी मी घरात कुणाशी नीट बोललेलो नाही. तुमच्याशी तर नाहीच. बोलायला तुम्ही राहिला नाहीत.

आमच्या कंपनीचं विमान लहान होतं, पंख्यांचं. सकाळी मुंबईहून यायचं आणि थोडं थांबून परत जायचं. पहिल्या दिवशी नुसतं बघायला माणसं टेम्पो भरून आली होती, म्हाताऱ्या बायकांनी कुंपणाच्या जाळीतून हात जोडले होते. पूजेला बोलावलेले भटजी नारळ घेऊन थेट इंजिनाखाली गेले, तसा कंपनीचा इंजिनियर ओरडत धावला. करवंटीचा तुकडा इंजिनात गेला तर विमान तिथंच बसलं असतं. शेवटी नारळ लांब भिंतीपाशी फुटला आणि आम्ही टाय बांधलेली पोरं ओणवी होऊन कपचा न कपचा वेचत राहिलो. तुम्ही जाळीपलीकडे उभे होता. संध्याकाळी घरी म्हणालात, "ते बरं केलं. इंजनासमोर घाण नको." त्या नोकरीबद्दल तुमच्या तोंडून ऐकलेला तेवढाच एक चांगला शब्द.

तुम्ही आयुष्यभर पूर्णा जंक्शनला रुळांचे सांधे बदलत राहिलात. पॉइंट्समनचा पहिला नियम तुम्ही मला शाळेत घालायच्या आधी शिकवला होता, की पुढचा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत जागा सोडायची नाही. ताप असो, सण असो. माझा जन्म झाला तेव्हाही तुम्ही केबिनवरच होता, तुमचा रिलीव्हर आला नव्हता. आई भाकरी थापता थापता हे ज्याला त्याला सांगायची. "ह्याच्या टायमाला मी वरडायले, अन् हे तिथं बावटा धरून उभे." तुम्ही ताटात बघत म्हणायचा, "मग गाडी काय तू घेणार होतीस?" आणि ती हसायची. आम्ही सगळेच हसायचो.

एकदा तुम्ही डबा द्यायला विमानतळावर आलात. माझी वेळ संपली होती, पुढच्या पाळीचा जोडीदार यायचा होता, मी काउंटर बंद करून निघालो होतो. तुम्ही दारातच मला अडवलं. "रिलीव्हर आला का तुजा?" मी म्हणालो, "अण्णा, इथं तसं नसतंय." तुम्ही डबा बाकावर ठेवला आणि चारचौघांत म्हणालात, "तसं नसतंय? गळ्यात टाय बांधली म्हणून माणूस साहेब झाला काय? जा, बस जागेवर." मी परत जाऊन बसलो. तिशी-बत्तिशीचा, लेकराचा बाप असलेला माणूस, पण जाऊन बसलो.

त्यानंतर कंपनीला उतरती कळा लागली. रोजचं विमान आठवड्यातून तीनदा येऊ लागलं. प्रवाशांना खायला मिळायचा तो खोका गेला, पाण्याची बाटली राहिली, मग तीही गेली. एखाद्या दिवशी विमान यायचंच नाही, धुक्याचं कारण सांगायचं, आणि बाहेर लख्ख ऊन पडलेलं असायचं. आमचे साहेब मीटिंग आहे म्हणून मुंबईला गेले. जाताना मला म्हणाले, "दोन दिवस तू बघ." ते परत आले नाहीत. जोडीदारानं सामान भरलं आणि म्हणाला, "तू पण नीघ, बावळ्या. आता इथं काय राहिलंय?"

त्या दिवशी मी काउंटरवर एकटा आहे. समोर तिकिटं काढलेली माणसं बसलीत. मुंबईचा फोन सकाळी नुसता वाजत होता, नंतर लागेनासाच झाला. एक जण माझी कॉलर धरून विचारतोय, "आमी काय इथं उरसाला आलोत काय?" येलदरीकडून आलेली एक बाई नवऱ्याला भिंतीला टेकवून बसलीय. धरणात मासे धरणारी माणसं. त्याच्या घशात गाठ आहे, मुंबईच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशीची वेळ मिळालीय, आणि गाडीचे हिसके सोसणार नाहीत म्हणून गावच्या डॉक्टरनं विमानानं न्यायला सांगितलंय. ती उठून माझ्यापाशी आली. "बाबा, तुज्याच गळ्यात पट्टा हाय. तूच सांग, इमान कवा यायलंय?"

तेवढ्यात परभणीच्या सरकारी दवाखान्यातून आईचा फोन आला. तुम्हाला श्वास घेता येत नव्हता. "लवकर ये," ती म्हणाली, आणि मागून तुमचा आवाज आला, "दे इकडं." तुम्ही फोन घेतलात. "जागेवर कोण हाय तुज्या?"

"कुणी न्हाई, अण्णा. कंपनीच बंद पडायलीय."

"पुढं माणसं हायत का?"

"हायत."

"मग बस. रिलीव्हर आल्यावर ये. मी कुठं पळून जायलोय?"

मी बसलो. एकेकाला खरं सांगितलं की विमान येणार नाही, आज नाही आणि बहुतेक कधीच नाही. शिव्या खाल्ल्या. नांदेड स्टेशनात तुमचे जुने सोबती होते, त्यांच्या हातापाया पडून त्या माणसाला संध्याकाळच्या गाडीत खालचा बर्थ मिळवून दिला, रिक्षात घालून स्टेशनवर धाडलं. रिक्षा हलताना त्या बाईनं मला हात जोडले. तो पुढं जगला का, मला ठाऊक नाही. शेवटचा माणूस उठून गेला तेव्हा दिवस मावळत होता.

परभणीला पोचलो तर आई दवाखान्याच्या पायरीवर बसलेली. वर जाऊ नको म्हणाली, तुम्हाला वॉर्डातून शवागारात हलवलं होतं. मग पदराला नाक पुसत म्हणाली, "सारखे इचारायलते, रिलीव्हर आला का त्याचा, म्हणून."

अण्णा, तुमच्यामागं रेल्वे होती. उशिरा का होईना, तुमचा माणूस यायचाच, कारण त्याला पाठवणारं कुणीतरी होतं. मला सोडवायला कुणाला पाठवणार होते? साहेब गेले, विमान गेलं, काही दिवसांनी पाटीही उतरवली. अशीही नोकरी असते, जिच्यामागं कुणीच उभं नसतं, हे तुम्ही कधी बघितलेलं नव्हतं. मी बघत होतो आणि तरी तुमचं ऐकलं. मी उठून गेलो असतो तर त्या बाईला बंद शटर दिसलं असतं, हेही खरंच आहे. त्यामुळे बसायला नको होतं असंही मला धडपणे म्हणता येत नाही.

आज सकाळी तुमची नात पहिल्या पाळीला निघाली. तिला दारात थांबवून म्हणालो, "घरून फोन आला तर उठून यायचं. कुणाची वाट बघायची नाही." ती बूट घालत होती. "आणि पुढं पॅसेंजर असले तर?" मी म्हणालो, "असू देत." तिनं वर बघितलं, मी चेष्टा करतोय असं तिला वाटलं. "असं कुठं असतंय का, पप्पा," म्हणाली आणि गेली. तिला हे कुणी शिकवलं? मी तर नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, देवघरातही ठेवायचं नाही. पित्रात मी तुमचं पान वाढतो, पाणी सोडतो, त्यात कधी खंड पडू दिला नाही. पण रोज सकाळी दिवा लावून हात जोडले की सगळ्यांसाठी मागणं तोंडात येतं, आईसाठी, पोरीसाठी, त्या येलदरीच्या माणसासाठीसुद्धा. तुमच्यासाठी येत नाही. मला तुमचा राग आहे, अण्णा. अजून आहे.