डेपोतला स्प्रिंग ब्रेक

बाबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि मी बोलतही नाही. नातेवाइकांत तुमचा विषय निघाला की तुम्ही एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, उन्हातान्हात गाडीखाली झोपून आम्हाला वाढवलंत, असंच सांगते. त्यात खोटं काहीच नाही. पण एवढं सांगून झालं तरी एक सांगायचं उरतंच. ते आज काढून टाकायचं ठरवलं आहे.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. इंग्रजीच्या धड्यात एके ठिकाणी 'स्प्रिंग ब्रेक' असे शब्द आले आणि सगळा वर्ग अडला. एका मुलाने उभं राहून 'वसंताचा भंग' असा अर्थ सांगितला. मॅडम हसल्या. त्या पुण्याहून नवीनच आल्या होत्या. म्हणाल्या, तिकडे वसंतात कॉलेजांना सुट्टी असते आणि मुलंमुली मिळून समुद्रावर मजा करायला जातात. आम्हाला काही ते पटेना. आपल्याकडे त्या दिवसांत हळद शिजते. सुट्टी मिळाली तरी पोरं कढईपाशी जाणार, समुद्रावर कोण पाठवतो त्यांना? शेवटी मॅडमनी एका जुन्या इंग्रजी पिक्चरची कॅसेट कुठून तरी मिळवली आणि आम्हाला घरी विचारून यायला सांगितलं.

तुम्ही जेवत होता तेव्हा मी विचारलं. उद्या कॉलेजात स्प्रिंग ब्रेकवर पिक्चर दाखवणार आहेत, जाऊ का? तुमचा हात ताटातच थांबला. माझ्या कॉलेजातल्या कुठल्याही गोष्टीवर तुमचा चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता. "आता कुठं कामाचं शिकवून राहिले," तुम्ही म्हणालात. "जा. पाट्याच्या स्प्रिंगचं बी दाखवतेत का बघ." मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण तोवर तुम्ही आईला स्प्रिंग म्हणजे काय आणि ब्रेक कसा लागतो, हे भाकरीच्या तुकड्यांवर समजावून द्यायला लागला होता. आईही मान हलवत होती. मला हसू आलं आणि तुमच्याबद्दल माया वाटली. ती माया मला आजही आठवते, म्हणून तर जास्त चीड येते.

पिक्चर म्हणाल तर असा: चार मुली एका मोटारीत कोंबून बसतात आणि समुद्रावर जातात. तिथे त्यांना राहायला खोली मिळत नाही. एकीला पोहता येत नाही, पण एका मुलावर छाप पाडायला ती मोठी पोहणारी असल्याच्या थापा मारते आणि मग पाण्यात उतरायची वेळ आली की रोज नवीन दुखणं काढते. इंग्रजी आम्हाला रुपयात चार आणेसुद्धा कळत नव्हतं, तरी आम्ही पोट धरून हसत होतो. मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला, मधे मॅडमची खुर्ची. पिक्चरमधल्या मुलींच्या अंगावर पोहण्याचे कपडे होते, हे खरं. दोन घटका सगळे खाली बघत बसले आणि मग विसरून गेले.

मला काय माहीत की तुम्ही सकाळीच डेपोभर सांगून ठेवलं होतं, आमच्या पोरीच्या कॉलेजात स्प्रिंगवर अन् ब्रेकवर पिक्चर आहे म्हणून. एका कंडक्टरचा मुलगा माझ्याच वर्गात होता. त्याने संध्याकाळी बापाला पिक्चर कशावर होता ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही डेपोतून आलात ते मान खाली घालूनच. हात धुतलेत. पुन्हा धुतलेत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "उद्यापासून कालेजात जायचं न्हाई." मी म्हटलं, काहून? तुम्ही म्हणालात, "काहून म्हनून इचारायचं न्हाई." आईने तव्यावरची भाकरी उलटली. तिचाही मला राग आहे, पण तो वेगळा, तिच्याशी बोलेन तेव्हा बोलेन.

मॅडम घरी आल्या होत्या, आठवतं? तुम्ही त्यांना बसा म्हणाला नाहीत. दारातच उभ्या राहून त्या तुम्हाला अहो-जाहो करत सांगत होत्या की मुलगी हुशार आहे, पुढे शिक्षिका होईल, एका पिक्चरपायी तिचं नुकसान करू नका. तुम्ही भिंतीकडे बघत होता. शेवटी त्या म्हणाल्या, निदान तुम्ही एकदा तो बघा तरी. तुम्ही म्हणालात, "आमाला न्हाई बघायचा." मी आतल्या खोलीतून ऐकत होते. मला वाटत होतं, बाबांना लाज वाटते आहे, पोरीने नको ते बघितलं म्हणून. मीही स्वतःला तेच समजावलं. वर्षाच्या आत मला जवळा बाजार गावात दिलंत. तेव्हापासून माझा प्रत्येक वसंत हळदीत गेला. शिजवा, वाळत घाला, अंगणभर पिवळी धूळ. इथे मला लोक शहाणी म्हणतात, कारण मी बी.ए. दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली आहे.

खरं कारण मला तुमच्या तेरवीला कळलं. तुमच्या डेपोतले एक म्हातारे ड्रायव्हर जेवून उठले, माझ्यापाशी आले, डोळे पुसले आणि मग हसायला लागले. मायेनंच हसत होते बिचारे. "तुज्या बापाला आमी स्प्रिंग ब्रेकच म्हनायचो, माय," ते म्हणाले. "रिटायर होईस्तोर. गेटातून आला की पोरं आवाज द्यायचे, काय स्प्रिंग ब्रेक, पोरगी काय शिकून राहिली?" मी त्यांना पाणी दिलं. म्हणजे लाज माझी नव्हती. माझ्या चारित्र्याची काळजी नव्हती, घराण्याची अब्रू नव्हती. चार माणसं तुम्हाला हसली, आणि त्यांचं तोंड धरता येईना म्हणून तुम्ही माझी पुस्तकं बांधून ठेवलीत. चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि बाबा, त्यानेही काही झालं नाही. ते हसतच राहिले. माझं कॉलेज गेलं ते गेलं, तुमचं नावसुद्धा परत आलं नाही.

माझी शेंडेफळ लेक आता संभाजीनगरला शिकते. मागे घरी आली तेव्हा मी सांगितलेल्या गोष्टीवरून तिने तो पिक्चर मोबाइलवर शोधून काढला. भर दुपारी पंख्याखाली आम्ही मायलेकी बघत बसलो. मला तो तेव्हाइतकाच आवडला. ती अर्ध्यात कंटाळली. पोहता न येणारी मुलगी पायाला फडकं बांधून लंगडत होती, तेव्हा लेकीने पिक्चर थांबवला आणि विचारलं, "एवढ्यासाठी?" मी हो म्हटलं. ती उठून चहा ठेवायला गेली. मी तिथेच बसून राहिले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आता तिच्या वर्गातली मुलंमुली गोव्याला निघाली. हिलाही जायचं होतं. तिच्या वडिलांनी आईला विचार म्हणून हात झटकले. माझा भाऊ फोनवर म्हणाला, बाबा असते तर तंगडं मोडलं असतं. ती माझ्यासमोर उभी राहिली, उत्तर 'नाही'च येणार अशा तयारीने, आणि मी लगेच म्हटलं, जा. ती गळ्यात पडून रडली. मैत्रिणींना फोन करकरून सांगत होती की माझी आई सगळ्यांत वेगळी आहे, तिचं काळीज मोठं आहे. काल ती गेली. आज सकाळी तिने समुद्रातला फोटो पाठवला, पाणी गुडघ्यापर्यंत, केस ओले. मी तो फोटो भावाला पाठवला, नणंदेला पाठवला, तुमच्या डेपोतल्या त्या कंडक्टरचा मुलगा आता इथल्या शाळेत शिक्षक आहे, त्यालाही पाठवला.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागाच नाही. पण टाकता आलं असतं तर शेवटचं हे एवढं खोडलं असतं. मी जा म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती नव्हती, बाबा. तुम्ही होतात. तिला समुद्र दिसावा म्हणून नाही, तुमचं नाक कापावं म्हणून मी तिला पाठवली, आणि हे तिला कधीच कळू देणार नाही.