छातीवरचा पाय

३ मार्च

मूर्तीतला, संताच्या पायाखालचा राक्षस आज रंगवायला घेतला. संत पुरा झाला – झगा, दाढी, हातातला भाला, सगळं. लाकूड बाबांचं, रंग माझा, ही आमची जुनी वाटणी. कुंचला आता दोन बोटांच्या चिमटीत धरते. अंगठा वळत नाही.

राक्षसाला दादाचं तोंड आहे. तेच बसकं नाक, तीच तुटकी भुवई. बाबांना विचारलं. "राक्षसाला कोणाचं तरी तोंड लागतंच," म्हणाले आणि पटाशीला धार लावत बसले.

मला काही वाटलं नाही. हिरवा कालवला.

५ मार्च

काकू आली. दादा महिनाअखेर व्यसनमुक्ती केंद्रातून सुटतोय. घरी घ्यायचं की नाही, हे म्हणे माझ्यावर आहे! "तू हो म्हण गं, मग तुझा बाप नाही म्हणायचा नाही. घरातलं घरात मिटवावं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

माझी मूठ झाकतच नाही, काकू. बोलले नाही. चहा दिला तिला.

६ मार्च

हिरव्याचा पहिला हात वाळला नाही. दिवसभर झोपले.

७ मार्च

जेवताना आई: "बदललाय गं तो. फोनवर रडत होता."

त्याने दार आपटलं तेव्हा माझा हात चौकटीवर होता. त्याला दिसत होता. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती, अजूनही तिथेच आहे. मला रडू यायला हवं होतं बहुतेक. ताट धुतलं.

८ मार्च

ज्यांनी मूर्ती करायला सांगितली ते विश्वस्त बघून गेले. "राक्षस काय जिवंत आहे हो!" ओळखला नाही! लहानपणी याच माणसाने दादाला खांद्यावर घेऊन मिरवलंय. "संत जरा थंड वाटतो, डोळ्यांत राग हवा." बघते म्हटलं. कुठून आणू?

एक बरं आहे. आई-काकू तिकडे, पण बाबा माझ्या बाजूला. तोंडाने बोलत नाहीत, पण पोटच्या पोराला पायाखाली घातलंय. आणखी काय बोलायचं माणसाने?

१० मार्च

शेवटचा हात. संताच्या तळव्याखाली काळा द्यायला बारीक कुंचला घातला – तो पलीकडून निघाला! पाय टेकलेलाच नाही. सगळा भार मागच्या पायावर. आधी वाटलं, बाबा चुकले. मग बोट फिरवलं. आतून घासून गुळगुळीत केलेलं होतं.

संध्याकाळी विचारलं. बाबांनी मांडीवरचा भुसा झाडला. मग – "पोर आहे गं माझं."

"आणि मी?"

ते पटाशी शोधायला लागले. पटाशी हातातच होती.

११ मार्च

बाबा लाकूड बघायला गेले. भुसा चिकट सरसात कालवला आणि पायाखालची ती जागा ठासून भरली. वर काळा दिला. राग आला होता – मला! किती दिवसांनी काहीतरी वाटलं.

आईला म्हटलं, त्याला कळव – येऊ नकोस. आणि नाही कोण म्हणालं, तेही सांग.