नांदायला आणण्याचा दावा

१२ जानेवारी १९५८, पांढरकवडा
सदरा शिवायला आलेला मुकुटबनचा माणूस सहज बोलून गेला, "मास्तर, तुमच्या बाईचा पाट लागते म्हन्तात. त्या दवाखान्यातल्या कंपाउंडरसंग."
पाट, म्हणजे दुसरं लग्न! मी त्याचं माप घेत होतो. छाती दोनदा मोजली, दोन्ही वेळा वेगळी आली.
माझी बायको सुशीला अकरा महिने माहेरी आहे, मुकुटबनला. कंपाउंडरही इथून बदली होऊन तिथंच गेला. आपोआप झाली म्हणे बदली! (यापुढं तो नुसता 'कं.' आणि ती 'सु.'. त्याचं पुरतं नाव लिहायची माझी इच्छा नाही.)

१३ जाने.
वकील विचारतील म्हणून झालं तसं लिहून ठेवतो.
सु. दुकानातली काजं-बटणं करायची. कं.चा शर्ट आला. त्याची काजं तिनं इतकी बारीक, इतकी सुबक केली की माझ्या स्वतःच्या लग्नातल्या कोटाला तशी नव्हती. मी विचारलं काहून. ती म्हणाली, "कपडा मऊ हाय म्हून." मी ऐकलं नाही. महिनाभर रोज तेच काढत राहिलो. ती माहेरी निघून गेली.
मग मीच पंच बसवले. आमच्यात पंचांपुढं वाळली काडी मोडली की नवरा-बायकोची फारकत होते. मला मोडायची नव्हती. तिला भीती घालायची होती. नवऱ्यानं काडी उचलली की वडीलधारं कोणीतरी उठून हात धरतं, अशीच रीत पाहिलेली. माझे तुकाराम काका समोर होते. मी काडी उचलली, थांबलो, काकांकडे पाहिलं. ते तंबाखू मळत होते. सु. माझ्याकडे सरळ पाहत होती. पदरसुद्धा डोळ्याला लावला नाही. डोकं फिरलं आणि मोडली.

१६ जाने., यवतमाळ
पहिल्या मोटारीनं आलो. वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वैवाहिक हक्क परत मिळण्याचा अर्ज, म्हणजे साध्या भाषेत नांदायला आणण्याचा दावा. मी अर्जदार, सु. सामनेवाली. सामनेवाली! एका ताटात जेवलेली बाई.
म्हणाले, "नव्या कायद्यानं पहिलं लग्न मोडल्याशिवाय दुसरं करता येत नाही. पण जातीच्या रीतीनं झालेली फारकत कायदा मानतो. रीत सिद्ध झाली, तर दावा खलास."
"मोडलीच नाही म्हणून सांगू?"
"किती जण होते?"
"पाच पंच."
त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

२२ फेब्रु.
समन्स लागला. बजावणीला गेलेला कोर्टाचा चपराशी दुकानावरून जात होता. त्याला चहा पाजला. घरात कोण होतं? पायरीवर पुरुषाच्या चपला होत्या का? लुगडं कोणतं नेसली होती?
"मी कागद द्याले गेलतो मास्तर, लुगडं पाहाले नाही."
उगाच चहा पाजला.

२० मार्च, यवतमाळ
तिची कैफियत आली. म्हणजे दाव्याला तिचं लेखी उत्तर. काडीमोड झाली, अर्जदारानं स्वतःच्या हातानं केली, आता मी त्याची बायको नाही. वकील वाचत होते. मी खाली पाहत होतो, सहीकडे. लग्नाच्या वेळी हिचा अंगठा होता. आता सही. 'शी'ची वेलांटी चांगली वळवलेली.
कोणी शिकवली?
परतीच्या मोटारीत दुसरं काही सुचलं नाही.

१७ एप्रिल, यवतमाळ
पेशी. पुढची तारीख पडली. काका साक्षीला येतील म्हणून त्यांना बरोबर आणलं होतं. व्हरांड्यात म्हणाले, "बावा, काडी तूच मोडली. म्या डोयानं पाह्यली. खोटं नाही बोलनार."
"मंग हात काहून नाही धरला?"
"मले वाटलं तुले खरंच मोडाची हाय. महिनाभर तिच्या नावानं शिव्या देऊन राह्यला होता तू."
 
सु. समोरच्या बाकावर होती. वाळली आहे. तिच्या वकिलाच्या कारकुनानं तिला पाण्याचा गडवा दिला, तिनं हसून घेतला. त्या कारकुनाचं लग्न झालंय का, विचारायला हवं.

२ मे
कोर्टाला महिनाभर सुट्टी. लग्नसराईचं काम ढीगभर. काजं मीच करतो. वाकडी होतात. गिऱ्हाइकं बोलत नाहीत, पण पाहतात.
हुकूम मिळाला तर पोलीस तिला आणून सोडतील का, असं वकिलांना विचारलं होतं. म्हणे नाही. उलट दोन वर्षं ती आली नाही, तर त्याच हुकुमावर मला घटस्फोट मागता येतो. आणायचा हुकूम आणि सोडायची वाट एकाच कागदावर. हा कायदा कोणी शिवला देव जाणे.

१९ जून, यवतमाळ
समेटासाठी जजसाहेबांनी आम्हा दोघांनाच खोलीत बोलावलं. वकील बाहेर.
"बाई, नांदायला जाता का?"
"साहेब, पह्यले त्यायले विचारा, मले कायले नेऊन राह्यले."
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. घर खायला उठतं, हे सांगायचं होतं. भाकरी जमत नाही. शिलाईयंत्राजवळची तिची बटणांची पाटी अजून हलवली नाही. तोंडातून निघालं ते असं, "लोक हिचा पाट लावून राह्यले साहेब, त्या कंपाउंडरसंग."
सु.नं कपाळावर हात मारला. "त्याचं लगन झालं माघातच, पुसदले. माही सही पाहून थेही मनात आलं असन यायच्या, कोनं शिकवली. भाच्चीनं. तिसरीत हाय थे."
साहेब हसू दाबत होते. मग ती गंभीर झाली.
"मी येईन साहेब. पन हुकुमानं नाही. यायनं दावा काढून घ्यावा. मले मोकयी ठेवावी. मंग मी माह्या पायानं येतो का नाही, थे पाहावं."
साहेबांनी चौदा जुलैची तारीख दिली.

२० जून
पहिल्यांदा हलकं वाटलं. कं. मेला एकदाचा माझ्यापुरता. मग जेवताना आठवलं, पुसदचं लग्न हिला कसं कळलं? पत्रिका आली असेल. पत्रिका का येते? ओळख असल्याशिवाय?
लिहिलेलं वाचून स्वतःचीच लाज वाटली. खोडत नाही. मी असाच आहे. मी जळतो. कं. नसला तर कारकून, कारकून नसला तर गडवा.

११ जुलै, यवतमाळ
दावा काढून घेण्याचा अर्ज वकिलांनी लिहून ठेवला होता. पुन्हा बजावलं, "हा दिलात की काडीमोड तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल. उद्या तिनं पाट लावला तरी तुमचं काही चालणार नाही. विचार करा."
म्हटलं, विचार झाला. सु.ला मोकळी ठेवायची. सही केली. खरंच केली.
अर्ज त्यांच्या हातात देताना एवढंच विचारलं, "साहेब, ती येईलच असं तिच्याकडून लिहून घेता येते का?"
वकील हसले नाहीत. अर्ज घडी करून त्यांनी माझ्याच हातात परत दिला, "सोमवारपर्यंत तुमच्याजवळच ठेवा."
पेशी सोमवारी आहे.