फोटोसाठी लावलेलं लग्न

आई, काल शहापूरला एका लग्नात फोटोवाल्याने अंतरपाट दोनदा धरायला लावला. पहिल्या वेळी म्हणे मध्ये कोणाचं तरी डोकं आलं. भटजींनी शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हटलं, लोकांनी मुठीत उरलेल्या अक्षता पुन्हा टाकल्या, नवरानवरी हसत होती, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मात्र पंगतीला न बसता पोरीला म्हटलं, घरी चल. "तुले का झालं, आई?" असं ती रस्ताभर विचारत राहिली. तिचीही चाळिशी उलटली आहे, पण ही गोष्ट मी तिला कधी नीट सांगितली नाही. तुम्हाला लिहून सांगावी तर तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात आलेलं प्रत्येक पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवायची. तेव्हा हे कोण वाचून दाखवणार, ते विचारू नका.

तुमचे थोरले चिरंजीव, म्हणजे माझे भासरे, परदेशात जाऊन तिथलेच झाले होते. धाकट्या भावाला बोलावून घेण्याचा अर्ज त्यांनी टाकला तेव्हा तुमच्या या धाकट्याचं लग्नही व्हायचं होतं. अर्ज तिकडे कुठेतरी पडून राहिला. दरम्यान मी कोंढ्याच्या घरात सून म्हणून आले. तुमचा मुलगा चिखल्याच्या खाणीत फिटर होता, पंधरवड्याने घरी यायचा आणि आल्याबरोबर म्हणायचा, "त्या भुयारात मी म्हातारा नाही होणार." सत्तरचं दशक सरत आलं आणि एकदाचा नंबर लागला. पत्र आलं त्या दिवशी मी बाळंतिणीच्या खाटेवर. माहेरी आई नव्हती म्हणून माझं बाळंतपण तुम्हीच केलंत. तुम्ही शेगडीत ओवा टाकून पोरीला शेक देत होता आणि मी पडल्या पडल्या पत्र वाचत होते. बायकोचं आणि मुलाबाळांचं नाव अर्जात घालता येईल असं त्यात होतं. फक्त लग्नाचा पुरावा हवा, आणि पुराव्यात फोटो हवा.

आता फोटो कुठून आणायचा? आमच्या लग्नाला अख्खं कोंढा जेवलं होतं, वरातीतल्या बँडवाल्याचा पिपाणीवरून भांडणतंटा झाला होता, पण कॅमेऱ्याची आठवण एकालाही झाली नव्हती. पत्रिका होती, ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला असता. तुमचा मुलगा म्हणाला, "लगन खरं हाय नं? मंग फोटो आताचा असला तं का बिघडते? काढून टाकू." आणि खरं सांगते, आपल्यापैकी कोणालाही त्यात खोटं काही दिसलं नाही. सणाला राहून गेलेलं तोरण दुसऱ्या दिवशी बांधावं, इतकंच ते वाटलं.

पवनीहून फोटोवाला सायकलवर येतो. अंगणात तुम्ही धुतलेलं धोतराचं पान अंतरपाट म्हणून धरलं आहे. मुंडावळ्या बांधल्या आहेत. मी अजून नीट उभी राहू शकत नाही, कंबर धरली आहे, शालू पोटावर बसत नाही आणि तुम्ही मागून पिना लावता आहात. शेजारची काकू अंगणाच्या टोकाशी उभी राहून म्हणते, "आता दुसऱ्या खेपेचा उखाणा घे वो! पयला तं आम्ही विसरलो." सगळे हसतात, तुम्हीही हसता. मग फोटोवाला कॅमेऱ्यातून डोकं काढून म्हणतो, "ताई, आता तं लगन लागाचंच हाय नं? मंगळसूत्र काढा मंग."

मी गळ्याकडे हात नेला आणि तुम्ही तो धरलात. घट्ट धरलात. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "काहून काढतं? नवरा पुढं उभा हाय अन् गळा मोकळा करतं का? सोंग करा, का कराचं ते करा, पण मी हाओ तोवर त्याले हात नोको लावू." तुमच्यापुढे कोण बोलणार! फोटोवाल्याने पदर वरून घ्यायला सांगितला. मी घेतला. तो बटण दाबणार तेवढ्यात आत पोरगी रडली, मला पान्हा फुटला आणि मी वळले. पदर सरकला आणि नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. रोल संपला होता, म्हणून तोच फोटो राहिला.

मुंबईला व्हिसाच्या कचेरीत पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती. गालावर तुम्ही लावून दिलेली काजळाची तीट होती. साहेब परका होता, त्याला आपलं काय कळणार? पण त्याच्याशेजारी दुभाषी म्हणून बसलेली बाई आपल्यातलीच होती, नऊवारी नसेल पण कुंकू होतं. तिने फोटो जवळ घेतला, बराच वेळ पाहिला आणि मऊ आवाजात मराठीत विचारलं, "अंतरपाट अजून धरलेला आहे, मग गळ्यात मंगळसूत्र आधीच कसं?" तुमचा मुलगा खाली बघत राहिला. म्हणून मीच बोलले. लग्न दोन वर्षांपूर्वी झालंय, फोटो आताचा आहे, सासूबाईंनी काढू दिलं नाही, सगळं सांगितलं. मला वाटलं, ही बाई आहे, हिला कळेल. तिला कळलंही असेल. पण साहेबाला तिने सांगितलं ते एवढंच, की फोटो बनवलेला आहे. त्यानंतर ते मांडीवरची पोरगी कोणाची आहे, हेही विचारू लागले. तुमच्या मुलाचं नाव पक्कं झालं. आमची दोघींची नावं गळाली. कोर्टात लग्नाची नोंद करून पुन्हा अर्ज करा, असं सांगितलं गेलं.

घरी आल्यावर तुम्ही त्याला किती विनवलंत! "महिनाभर थांब नं बाप्पा, कोर्टातली सही होऊ दे." तो म्हणाला, "मुदत निघून जाते, आई. तिकडं गेल्याबरोबर दोघींले बोलावतो." पोरीचं जावळ काढायच्या आधी तो गेला. मला राग आला नव्हता. भीती वाटली होती.

पत्रं यायची, मग कमी यायची. पोरगी शाळेत जायला लागली त्या वर्षी एक आलं, तुमच्या नावाने. तुम्ही चुलीपुढे सुपात तांदूळ निवडत होता, मी नेहमीसारखं वाचायला लागले. वाचता वाचता कळलं की काय वाचते आहे, पण थांबता येईना. तिकडे त्याने लग्न केलं होतं. "इथल्या कागदांत मी अविवाहितच आहे, त्यामुळे काही अडचण आली नाही," असं त्याने लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "अविवाहित म्हंजे का वो?" मी सांगितलं, लग्न न झालेला. तुम्ही सूप खाली ठेवलंत. "अन् हे पोट्टी मंग कोणाची हाय?" त्या कचेरीत विचारलेलाच प्रश्न होता, फक्त तुम्ही तो रडत विचारलात.

त्यानंतर तुम्ही खचलात. आल्यागेल्याला सांगायचात, "मीच हिच्या हाताले धरलं. काढू द्याले पायजे होतं. माह्या हट्टापाई सुनेचा संसार गेला." पोरगी सातवीत असताना तुम्ही गेलात, तेव्हाही तेच तोंडात होतं. मी पायाशी बसले होते. तुम्ही माझ्याकडे बघत होता आणि मी तुमची पावलं चोळत राहिले, बोलले काहीच नाही. तुम्हाला वाटलं असेल, हिने मला माफ केलं नाही.

तसं नव्हतं, आई. त्या दिवशी अंगणात मी मंगळसूत्राकडे हात नेला तो सगळे बघत होते म्हणून. तुम्ही कधी नको म्हणता याची मी वाट बघत होते. तुम्ही धरला नसता, तरी मी ते काढलं नसतं.